मापात दाबलेला जोड: क्रिंपिंग टूल कसे वापरावे, कसे जपावे

जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत पावसाळ्याचे चार महिने डोंगरउतारावरून पाणी नुसते धावत असते आणि मार्च उजाडला की त्याच उतारावरच्या विहिरी तळ दाखवू लागतात. साखरशेत आणि आसपासच्या पाड्यांवर उरलेल्या पाण्याचा थेंब न् थेंब वर चढवायचा, मोगऱ्याच्या ओळी, भाजीचा वाफा किंवा वाडीतली आंबा-काजूची कलमे जगवायची, तर आधार असतो पंपाचा. आता हा पंप बऱ्याच ठिकाणी सूर्यावर चालतो. तो बंद पडला की आधी मोटरवर संशय जातो, मग कंट्रोलरवर, मग पॅनेलवर. अंगठ्याएवढ्या जोडाकडे मात्र सगळ्यात शेवटी लक्ष जाते. वायरच्या टोकाला बसवलेली ती धातूची टोपी, म्हणजे थिंबल किंवा कनेक्टरची पिन, नीट दाबलेली नसेल तर लाखभर रुपयांची यंत्रणा तिच्यापाशी अडते.

ही टोपी दाबणारे हत्यार म्हणजे हाताने चालवायचे क्रिंपिंग टूल. तालुक्याच्या गावातला वायरमन येईपर्यंत दोन-तीन दिवस जाऊ शकतात आणि उन्हाळ्यात रोपाला तेवढा धीर नसतो. म्हणून पाड्यावरच्या एक-दोन जाणत्या हातांना हे हत्यार वापरता आणि सांभाळता येणे फार मोलाचे आहे. त्यात अवघड काही नाही, पण त्याची शिस्त पाळावी लागते.

सैल जोड का तापतो?

आधी थोडा हिशेब. तीन अश्वशक्तीच्या सौर पंपाच्या तारेतून भर दुपारी ८ अँपिअर प्रवाह वाहतो असे धरू. नीट दाबलेल्या पिनेचा रोध अर्ध्या मिलिओहमच्या आत असतो. तिथे निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणून मिळते आणि ती वॅटच्या विसाव्या भागाइतकीही भरत नाही. हाताला ती कळणारही नाही. पण पकडीने कशीबशी चेपलेल्या जोडाचा रोध एक दशांश ओहमपर्यंत गेला, तर त्याच ८ अँपिअरला तिथे ६.४ वॅट उष्णता तयार होते, आणि तीही शेंगदाण्याएवढ्या जागेत, बंद प्लॅस्टिकच्या आत. तांबे तापले की त्यावर ऑक्साइडचा काळा थर चढतो, थरामुळे रोध आणखी वाढतो आणि वाढलेला रोध जोड आणखी तापवतो. काही आठवड्यांत प्लॅस्टिक मऊ पडून वितळते.

सौर यंत्रणेत याला आणखी एक बाजू आहे. घरातल्या एसी विजेचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी पेटली तरी विझण्याची शक्यता असते. पॅनेलमधून येणारी डीसी वीज अशी शून्यावर येत नाही. सैल जोडात एकदा विजेचा चाप (आर्क) पेटला की तो जळतच राहतो. ब्रिटनमध्ये बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंट या संस्थेने सौर यंत्रणांतल्या आगींचा अभ्यास केला, तेव्हा डीसी आयसोलेटर, म्हणजे डीसी वीज तोडणारा स्विच, आणि डीसी कनेक्टर या जागा मुख्य कारणांत पुढे आल्या. चुकीच्या पद्धतीने केलेली जोडणी हा त्यातला मोठा भाग होता.

चांगल्या जोडात नेमके काय घडते हे समजले की पुढच्या सगळ्या सूचनांना अर्थ येतो. बैलगाडीच्या चाकावर लोहार लोखंडी धाव चढवतो तेव्हा ती चाकापेक्षा किंचित लहान ठेवतो आणि तापवून बसवतो. थंड होताना ती लाकूड असे आवळते की वेगळा खिळा ठोकण्याची गरज उरत नाही. क्रिंपमध्ये तापवणे नसते, पण तत्त्व तेच असते. टोपी आणि तिच्यातल्या बारीक तारा इतक्या जोराने एकत्र दाबल्या जातात की मधल्या फटी बुजतात, तारांवरचा ऑक्साइडचा थर फुटतो आणि तांब्याला तांबे थेट भिडते. आत हवा आणि ओल शिरायला जागा राहत नाही. दाब कमी पडला तर फटी राहतात. जास्त झाला तर तारा चिरडून तुटतात. म्हणून दाब मापातच हवा, आणि ते माप मनगटाच्या जोरावर सोडून चालत नाही.

ही पद्धत पसरली ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. अमेरिकेत १९४१ साली यू. ए. व्हिटेकर यांनी सुरू केलेल्या एअरक्राफ्ट मरीन प्रॉडक्ट्स या कंपनीने, म्हणजे पुढे एएमपी या नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीने, विमाने आणि जहाजांसाठी डाग न देता दाबून बसवायच्या थिंबल बनवल्या. सततच्या थरथरीत डाग दिलेली वायर डागाच्या कडेला कडक होऊन तुटे. दाबलेला जोड टिकला आणि कोणी केला तरी एकसारखा आला. आज मोटरगाडीपासून उपग्रहापर्यंत तीच रीत चालते.

कोणत्या वायरला कोणती थिंबल

बऱ्याच चुका हत्यार हातात घेण्याआधीच झालेल्या असतात. दुकानातून आणलेली थिंबल वायरच्या मापाची नसते आणि मग सैलपणा भरून काढण्यासाठी वायर दुमडून कोंबली जाते.

प्लॅस्टिकचे आवरण असलेल्या थिंबलवर रंगच माप सांगतो. लाल रंग ०.५ ते १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरसाठी, निळा १.५ ते २.५ साठी आणि पिवळा ४ ते ६ साठी. टूलच्या जबड्यावरही तेच रंगीत ठिपके असतात. लाल थिंबल लाल ठिपक्याच्या खाचेत, एवढे साधे आहे. आवरण नसलेल्या तांब्याच्या थिंबलवर, म्हणजे लगवर, वायरचे माप आणि स्क्रूच्या भोकाचे माप कोरलेले असते. कंट्रोलरच्या पेट्यांत जिथे वायर स्क्रूखाली जाते, तिथे बारीक तारांच्या वायरला नळीसारखी पिन, म्हणजे फेरूल, बसवावी. नाहीतर स्क्रू आवळताना तारा फाकतात आणि काही बाहेर राहतात.

पॅनेलच्या वायरला जो काळा, टकक्‌ आवाज करून बसणारा जोड असतो, त्याला एमसी४ म्हणतात. मल्टी-कॉन्टॅक्ट या स्विस कंपनीच्या नावाची दोन अक्षरे आणि आतल्या पिनेचा ४ मिलिमीटर व्यास मिळून हे नाव झाले. ती कंपनी आता स्टॉयब्ली समूहात आहे. त्याच्यासारखे दिसणारे जोड अनेक कंपन्या बनवतात आणि ते एकमेकांत बसतातही. तरी नर एका कंपनीचा आणि मादी दुसऱ्या कंपनीची असे करू नये. मापांतला केसाएवढा फरक आणि वेगळा मुलामा पुढे तापण्याचे कारण ठरतो. जोड बदलायचा तर दोन्ही बाजू एकाच कंपनीच्या घालाव्यात.

ॲल्युमिनियमच्या वायरला तांब्याची थिंबल कधीही लावू नये. दोन धातू ओल मिळाली की एकमेकांना खातात आणि जव्हारच्या पावसात ओल तर चार महिने असतेच. अशा ठिकाणी एका टोकाला ॲल्युमिनियम आणि दुसऱ्या टोकाला तांबे असलेली बायमेटल लग वापरावी.

टूल निवडताना

बाजारात दोन प्रकार दिसतात. एक पकडीसारखा साधा, पत्र्याचा, ज्यातच वायर सोलायची आणि कापायची सोय असते. दुसरा रॅचेटचा. रॅचेटच्या टूलचे वैशिष्ट्य असे, की दांडे एकदा दाबायला घेतले की पूर्ण दाब बसेपर्यंत जबडा उघडतच नाही. सकाळी ताज्या हाताने दाबा किंवा संध्याकाळी दमलेल्या हाताने, दाब तोच पडतो. शेतातल्या पंपाच्या कामाला रॅचेटचेच टूल घ्यावे. एमसी४ साठी २.५, ४ आणि ६ चौरस मिलिमीटरच्या खाचा असलेली डाय, म्हणजे जबड्यातला साचा, लागते. रंगीत थिंबलची डाय वेगळी, फेरूलची वेगळी. डाय बदलता येणारे टूल घेतले तर एका दांड्यावर तिन्ही कामे होतात. अशी टूले साधारण दीड-दोन हजार रुपयांपासून मिळतात. एका घराला हा खर्च जड वाटेल, पण पाड्यावरच्या पाच-सहा पंपधारकांनी किंवा बचत गटाने मिळून उचलला तर अंगावर येत नाही.

घेताना दुकानातच टूल उजेडासमोर धरून मिटवून पाहावे. डायचे वरचे आणि खालचे अंग एका रेषेत आले पाहिजे. जबडा डावी-उजवीकडे हलत असेल तर ते टूल परत ठेवावे. पिनेची कंपनी आणि डाय यांचा मेळ आहे का, हेही विचारून घ्यावे. काही पिनांची शेपटी बंद नळीची असते, काहींची ‘यू’ आकारात उघडी. उघड्या शेपटीची डाय तिचे दोन्ही पंख आत वळवते. ती बंद नळीवर वापरली तर नळी फाटते.

हात लावण्याआधी

सौर पॅनेलला बंद करायचे बटण नसते. उजेड आहे तोवर त्यात वीज आहे. आठ पॅनेल एका ओळीत जोडलेली असली तर टोकांवर ३०० ते ४०० व्होल्ट डीसी उभा असतो. पहाटेच्या किंवा ढगाळ उजेडातही व्होल्टेज बरेचसे तेवढेच राहते, कमी होतो तो प्रवाह. म्हणून पुढचा क्रम मोडू नये.

आधी कंट्रोलरवरून पंप बंद करावा. मग डीसी आयसोलेटर बंद करावा. त्यानंतरच एमसी४ सोडवावा. पंप चालू असताना हा जोड ओढून काढला तर हातात चाप पेटतो. जोड सोडवल्यावर दोन्ही टोके मल्टिमीटरने तपासावीत आणि पॅनेलच्या बाजूचे उघडे टोक वेगळे झाकून ठेवावे. एका वेळी एकच तार सोलावी. जमिनीवर ओल असेल तर काम पुढे ढकलावे.

आणखी दोन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. महावितरणच्या खांबापासून मीटरपर्यंतच्या तारेला ग्राहकाने हात लावायचा नसतो. आणि ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतून मिळालेल्या पंपावर पाच वर्षांची दुरुस्तीची हमी असते. अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने किमतीचा फक्त ५ टक्के वाटा भरून मिळवलेला हा पंप हमीच्या काळात स्वतः उघडू नये. जोड तापलेला दिसला तर फोटो काढून तक्रार नोंदवावी. पुरवठादाराचा माणूस आला की जवळ उभे राहून त्याच्याकडे योग्य टूल आहे का, हे मात्र नक्की पाहावे.

दाबण्याची रीत

वायरचे टोक काटकोनात, स्वच्छ कापावे. कोयत्याने किंवा विळ्याने कापलेली वायर चपटी होते आणि तारा फाकतात. मग एमसी४ चे मागचे नट आणि आतली रबरी सील वायरवर आधीच चढवून ठेवावी. हे विसरले तर पिन दाबल्यावर नट चढत नाही आणि सगळे कापून पुन्हा करावे लागते.

वायर स्ट्रिपरने सोलावी. दाताने किंवा ब्लेडने सोलताना दोन-चार तारा हमखास तुटतात, आणि ज्या तुटल्या त्यांच्या वाट्याचा प्रवाह उरलेल्यांवर पडतो. एमसी४ पिनेसाठी ६ ते ७.५ मिलिमीटर एवढेच तांबे उघडे हवे. इतर थिंबलसाठी नळीच्या लांबीपेक्षा एक मिलिमीटर जास्त. तांबे काळे पडलेले असेल तर चकचकीत भाग येईपर्यंत वायर मागे कापत जावी. तारांना हलका पीळ असतो तो तसाच ठेवावा, घट्ट वळू नये. सोलल्यावर तांब्याला बोट लावू नये, घामाने ते खराब होते. दाबण्याआधी तारांवर डाग देऊन त्या एकजीव करू नयेत. शिसे-कथलाचा डाग दाबाखाली हळूहळू सरकतो आणि जोड काही महिन्यांत सैल होतो.

पिन योग्य खाचेत ठेवून टूल एक-दोन टिक दाबावे, एवढे की ती पडणार नाही. मग वायर आत घालावी. पुढच्या टोकाला तारांची कड किंचित दिसली पाहिजे आणि मागे वायरचे रबर दाबाच्या जागेत शिरलेले नको. आता दांडे एका दमात, पूर्ण मिटेपर्यंत दाबावेत. रॅचेट सुटून जबडा आपोआप उघडला की काम झाले. मध्येच चूक लक्षात आली तर दांड्यांजवळची छोटी कळ दाबून रॅचेट सोडवता येते, पण ती अर्धी दाबलेली पिन फेकून द्यावी. एकदा दाबलेली पिन दुसऱ्यांदा दाबू नये. दहा-पंधरा रुपयांची पिन वाचवायला जाऊन पंप गमावण्यात शहाणपण नाही.

पिन कनेक्टरच्या घरात सरकवताना टकक्‌ असा आवाज आला पाहिजे. हलकेच ओढून ती बसल्याची खात्री करावी आणि मग नट दोन पान्यांनी आवळावे. हाताने फिरवलेले नट पावसाचे पाणी थांबवत नाही.

बादलीची परीक्षा

दाबलेला जोड नजरेने आधी तपासावा. उघड्या शेपटीचे दोन्ही पंख मध्यभागी एकमेकांना भेटून तारांत घुसलेले असावेत, एकही तार बाहेर नसावी, दाबलेल्या भागाच्या मागच्या कडेला किंचित पसरट ओठ दिसावा. हा ओठ नसला तर धातूची कड तारांना कापते. पिन वाकलेली किंवा पिळलेली असेल तर ती बाद.

त्यानंतर ओढून पाहण्याची चाचणी. क्रिंपसाठीच्या आयईसी ६०३५२-२ या आंतरराष्ट्रीय मानकात कोणत्या वायरच्या जोडाने किती ओढ सहन करावी हे दिले आहे. १.५ चौरस मिलिमीटरला १५० न्यूटन, २.५ ला २३०, ४ ला ३१० आणि ६ ला ३६०. किलोच्या भाषेत हे अनुक्रमे सुमारे १५, २३, ३२ आणि ३७ किलो होतात. पाड्यावर यासाठी वेगळे यंत्र लागत नाही. वायरच्या तुकड्यावर एक नमुना पिन दाबावी, पिन वाइसमध्ये घट्ट धरावी आणि वायरला वजन टांगावे. १.५ च्या वायरला १५ लिटर पाण्याने भरलेली बादली, ४ च्या वायरला तशा दोन. वजन हळू सोडावे, झटका देऊ नये आणि पाय खाली ठेवू नये. वायर निसटली तर दाब कमी आहे. पिनेच्या कडेला तारा तुटल्या तर दाब जास्त आहे किंवा खाच चुकीची आहे. ही चाचणी नमुन्यावरच करावी, पंपाला लावायच्या जोडावर नाही. नवे टूल आणल्यावर, डाय बदलल्यावर आणि मोठे काम हाती घेण्याआधी ती एकदा करावीच.

टूलची निगा

कोकणच्या दमट हवेत लोखंडाला गंज चढायला आठवडाही पुरतो. गंजलेली डाय पिनेवर खरखरीत दाब देते आणि रॅचेटचे दाते अडकू लागतात. निगेचे नियम मात्र मोजके आहेत.

काम संपले की मऊ ब्रशने डायमधले तांब्याचे कण आणि धूळ झाडावी, कोरड्या सुती फडक्याने पुसावे. खाचेत खिळा किंवा पेचकस घालून खरवडू नये, डायवर ओरखडा पडला की तो प्रत्येक पिनेवर उमटतो. सांध्याच्या पिना, रॅचेटचे दाते आणि घासणारे भाग यांना हलक्या मोटर तेलाचा पातळ हात द्यावा. एएमपीचा वारसा चालवणाऱ्या टीई कनेक्टिव्हिटीच्या पुस्तिकांत एसएई २० तेल सुचवलेले असते आणि वापराप्रमाणे वेळ ठरवलेली असते: दिवसभर काम करणाऱ्या टूलला रोज, रोज थोडे वापरल्या जाणाऱ्याला आठवड्याला, आठवड्यातून कधी तरी वापरल्या जाणाऱ्याला महिन्याला. तेल डायच्या खाचेत राहू देऊ नये. ते पिनेत शिरले तर धूळ धरते.

ठेवताना दांडे मिटलेले ठेवावेत, म्हणजे जबड्यात खडा किंवा तारेचा तुकडा अडकत नाही. झाकणाच्या घट्ट डब्यात ठेवावे आणि नव्या वस्तूंच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या त्यात टाकाव्यात. या टूलने खिळा ठोकणे, नट सोडवणे किंवा लोखंडी तार दाबणे कटाक्षाने टाळावे. दांड्यांना पाइप लावून जोर वाढवू नये. जोर लागतोय म्हणजे थिंबल मोठी आहे किंवा खाच चुकली आहे.

वापराने रॅचेट सैल पडतो. टूल पूर्वीपेक्षा सहज मिटू लागले आणि बादलीच्या चाचणीत वायर निसटू लागली, तर दांड्यांच्या सांध्याजवळची दातेरी चकती पेचकसाने एक दाता ‘+’ कडे फिरवावी आणि चाचणी पुन्हा घ्यावी. दोन-तीन दात्यांनंतरही फरक पडला नाही, किंवा मिटवल्यावर डायमधून उजेड वाकडा दिसू लागला, तर डाय बदलावी.

सामाईक हत्याराची व्यवस्था

पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातल्या दरेवाडीत २०१२ मध्ये ग्रामऊर्जा या संस्थेने सुमारे ४० घरांसाठी सौर विजेचे छोटे जाळे उभारले. तिथे बिल गोळा करण्यापासून देखभालीपर्यंतची जबाबदारी गावानेच उचलली. जव्हार-मोखाड्यातही प्रगती प्रतिष्ठानसारख्या संस्थांनी पाणी आणि सौर ऊर्जेची कामे केली आहेत आणि ती चालू राहतात ती गावातल्या माणसांच्या रोजच्या लक्षामुळे. क्रिंपिंग टूलही याच पद्धतीने सांभाळता येईल. आयटीआयमध्ये वीजतंत्री किंवा तारतंत्रीचा अभ्यासक्रम केलेला मुलगा किंवा मुलगी पाड्यावर असेल तर टूल त्यांच्याकडे द्यावे. दिवाळीनंतर ते कामासाठी बाहेरगावी जाणार असतील तर दुसऱ्या कुणाला आधी शिकवून ठेवावे. डब्यात एक छोटी वही असावी. तारीख, कुणाचा पंप, वायरचे माप, पिनेची कंपनी आणि चाचणीत टिकलेले वजन एवढ्या पाच नोंदी पुरतात.

वर्षातून दोन वेळा पाड्यावरचे सगळे जोड पाहून घ्यावेत. मे अखेरीस, पाऊस लागण्याआधी, नट आणि सील तपासावी, जमिनीवर लोळणारे जोड उचलून पॅनेलच्या चौकटीला बांधावेत. दिवाळीनंतर, पंप रोज चालू लागला की, पुन्हा एक फेरी मारावी. पंप अर्धा तास चालल्यावर प्लॅस्टिकचा रंग बदलला आहे का, वास येतो आहे का, ते पाहावे. एखादा जोड शेजारच्या जोडांपेक्षा गरम वाटला, तर आधी पंप, मग आयसोलेटर बंद करून तो दोन्ही बाजूंनी बदलावा आणि त्याची तारीख वहीत लिहावी.